कॅमेरा घ्यावयाचा, पण कोणता?

छायाचित्रणाचा नाद लागलेला एखादा तरी विद्यार्थी दरवर्षी भेटतो आणि बहुधा एकच प्रश्न विचारतो : "सर, मिररलेस घेऊ, की खिशात मावणारा छोटा कॅमेरा घेऊ?" हा प्रश्न हौसेचा वाटला तरी त्यामागे बरेच काही असते. कोणी सुटीत दुकानात काम करून पैसे साठविलेले असतात, कोणाच्या वडिलांनी सोयाबीनच्या पट्टीतून काही रक्कम बाजूला काढलेली असते. अशी रक्कम घरात पुन्हा पुन्हा निघत नाही. म्हणून दुकानदार दाखवील तो कॅमेरा उचलण्यापूर्वी या दोन यंत्रांत नेमका फरक काय, हे समजून घेणे अगत्याचे आहे. गंमत अशी की, जो फरक त्यांच्या नावावरून वाटतो तो खरा फरक नव्हेच.

प्रथम 'मिररलेस' या नावाकडे पाहू. आरसा नसलेला तो मिररलेस. पण आरसा कोठे होता आणि तो गेला कसा? जुन्या एस.एल.आर. कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे पंचेचाळीस अंशांत तिरपा आरसा बसविलेला असे. लेन्समधून आलेला प्रकाश त्या आरशावरून वर उसळे, पंचकोनी लोलकातून दोन वळणे घेई आणि डोळ्यापर्यंत सुलट चित्र येई. बटण दाबताच आरसा फटकन वर जाई, पडदा उघडे, फिल्मवर प्रकाश पडे आणि आरसा पुन्हा खाली येई. तो 'खटॅक' आवाज बव्हंशी आरशाचा. १९५९ साली आलेल्या निकॉन एफ या कॅमेऱ्याने ही रचना वृत्तछायाचित्रकारांच्या हातात रुळविली आणि पुढे पन्नासएक वर्षे 'चांगला कॅमेरा' म्हणजे आरशाचा कॅमेरा असेच समीकरण होऊन बसले.

फिल्मच्या जागी प्रकाशसंवेदक, म्हणजे सेन्सर, आला तेव्हा या आरशाचे काम संपले. सेन्सरला जे दिसते ते विजेच्या पडद्यावर थेट दाखविता येत असेल तर मध्ये आरसा हवा कशाला? २००८ साली पॅनासॉनिकने जी-१ हा कॅमेरा बाजारात आणला. लेन्स बदलता येते, पण आरसा नाही, असा आजच्या अर्थाने पहिला मिररलेस तोच. पुढे ऑलिंपस, सोनी, फुजी हे या वाटेने गेले. २०१३ मध्ये सोनीने जुन्या फिल्मच्या मापाचा मोठा सेन्सर अशा कॅमेऱ्यात बसविला, आणि २०१८ मध्ये कॅनन व निकॉन या दोन बड्या घराण्यांनीही आपापले मोठ्या सेन्सरचे मिररलेस काढून हा बदल मान्य केला.

वास्तविक आरसा नसलेला कॅमेरा ही काही नवलाई नव्हे. जर्मनीतील वेट्झ्लार येथे लाइट्झ कंपनीत काम करणाऱ्या ऑस्कर बार्नाक या तंत्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या आधी सिनेमाची पस्तीस मिलिमीटर रुंदीची फिल्म आडवी वापरून एक चिमुकला कॅमेरा तयार केला होता. बार्नाक दम्याचा रुग्ण. काचेच्या जड प्लेटा आणि तिपाई घेऊन डोंगर चढणे त्याला झेपत नसे. छोटी निगेटिव्ह घ्यावी आणि चित्र मागाहून मोठे करावे, हा त्याचा विचार. १९२५ साली तो कॅमेरा 'लायका' या नावाने विक्रीस आला. त्याच्या निगेटिव्हचे माप ३६ × २४ मिलिमीटर होते, आणि आजच्या 'फुल फ्रेम' सेन्सरचे मापही तेच आहे. शंभर वर्षे झाली, तरी आपण त्या दमेकऱ्याच्याच मापाने मोजतो आहोत!

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने लायकाच्या कहाणीत आणखी एक मौज आहे. पहिल्या लायकाची लेन्स कायमची बसविलेली होती. ती आत ढकलली की कॅमेरा कोटाच्या खिशात जाई. पुढे पाचसहा वर्षांतच, १९३० च्या सुमारास, लेन्स बदलता येणारा लायका आला. म्हणजे 'खिशातला की लेन्स बदलणारा' हा वाद एकाच कॅमेऱ्याच्या पोटात तेव्हाच सुरू झाला होता. आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार लायकाच घेऊन हिंडे. लेन्स बदलण्याची सोय हाताशी असताना त्याने बहुतेक काम पन्नास मिलिमीटरच्या एकाच लेन्सवर केले. ३० जानेवारी १९४८ रोजी तो दिल्लीत गांधीजींना भेटला होता, आणि त्यानंतर थोड्याच वेळात गांधीजींची हत्या झाली. पुढच्या दिवसांतील त्याची छायाचित्रे जगभर छापली गेली. त्याच काळात आपल्या होमाई व्यारावाला स्पीड ग्राफिकसारखा जडशीळ कॅमेरा सांभाळत दिल्लीतच उत्तम काम करीत होत्या. तेव्हा छोटा श्रेष्ठ की मोठा श्रेष्ठ, असा सरळ निवाडा इतिहासही देत नाही.

असो. आता मुद्द्यावर येऊ. आरसा काढल्याने कॅमेऱ्याचे पोट आत गेले, वजन घटले, आवाज गेला. परंतु लेन्स? तिचा आकार आरशाने ठरविलेला नव्हता, तो ठरविला आहे प्रकाशाच्या नियमांनी. सेन्सर मोठा असेल तर त्याच्या कडेपर्यंत स्वच्छ प्रतिमा पोहोचविणारी लेन्स मोठीच लागते. सोनीचा २०२० साली आलेला ए-७-सी हा फुल फ्रेम कॅमेरा अवघा ५०९ ग्रॅमचा आहे. पण याच घराण्याची ७० ते २०० मिलिमीटरची, एफ २.८ ची २०१६ मधील लेन्स जवळजवळ दीड किलोची होती. घोडा हलका झाला, खोगीर आहे तेवढेच राहिले. जाहिरातीत मात्र कॅमेरा नेहमी एखाद्या चपट्या लेन्ससह दाखवितात, हे ध्यानात असू द्यावे.

छोट्या कॅमेऱ्याची गोष्ट याच्या उलट. तेथे आधी खिसा ठरतो, मग खिशात मावेल एवढी लेन्स ठरते, आणि त्या लेन्सला पेलेल एवढा सेन्सर. पूर्वीच्या स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांत सेन्सर सुमारे सव्वासहा मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर उंच, म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढा असे. त्याचे क्षेत्रफळ २८ चौरस मिलिमीटर. फुल फ्रेमचे ८६४. मधले जे 'एपीएस-सी' नावाचे माप बहुतेक साध्या मिररलेस कॅमेऱ्यांत असते, ते सुमारे ३६७. आणि 'एक इंची' म्हणून जो सेन्सर ओळखला जातो, तो ११६. या एक इंचाचा शोध घेऊ नका. सेन्सर कोठूनही मोजला तरी इंच भरत नाही. जुन्या टेलिव्हिजन कॅमेऱ्यांतील काचेच्या नळ्यांच्या बाहेरच्या व्यासावरून ही नावे पडली आणि नळ्या गेल्यावरही ती चिकटून राहिली.

हरभऱ्याएवढ्या सेन्सरचे कॅमेरे फोनने गिळले, आणि ते योग्यच झाले. जपानी कॅमेरा उद्योगाच्या संघटनेची आकडेवारी पाहिली तर २०१० साली १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२३ साली तो आकडा ८० लाखांच्याही खाली होता. जे नाहीसे झाले त्यांत बहुतांश हे छोटे कॅमेरेच होते. तेव्हा आज 'खिशातला कॅमेरा' म्हणून विचार करावयाचा तो निदान एक इंची सेन्सर असलेल्यांचाच. सोनीचा आरएक्स-१०० हा २०१२ साली आला, तो २४० ग्रॅमचा. त्याच्या पुढच्या आवृत्त्या निघत राहिल्या. रिकोचा जीआर-३ हा २०१९ चा. २५७ ग्रॅम वजन, एकच न बदलणारी आणि झूम न होणारी लेन्स, आणि आत चक्क एपीएस-सी सेन्सर, म्हणजे साध्या मिररलेसमध्ये असतो तोच. पँटच्या पुढच्या खिशात तो बसतो. (फुजीच्या एक्स-१०० मालिकेलाही लोक या पंगतीत बसवितात, पण अर्धा किलोचा तो कॅमेरा खिशात बसवायचा तर शिंप्याला सांगून खिसा शिवून घ्यावा लागेल.)

आता एक छोटेसे गणित करू. कला शाखेच्या वाचकांनी घाबरू नये, भागाकारापलीकडे यात काही नाही. कॅमेऱ्यात किती प्रकाश शिरतो हे लेन्सच्या छिद्रावर अवलंबून असते. लेन्सवर जो एफ-आकडा लिहिलेला असतो, त्याने नाभीय अंतराला भागले की छिद्राचा व्यास मिळतो. दोन कॅमेरे एकाच जागी उभे राहून तेवढेच दृश्य टिपत असतील आणि शटर सारखाच वेळ उघडे असेल, तर ज्याचे छिद्र मोठे त्याला प्रकाश जास्त, आणि म्हणून अंधारात त्याचे चित्र अधिक स्वच्छ. मेगापिक्सेलचा येथे काही संबंध नाही.

रिको जीआर-३ ची लेन्स १८.३ मिलिमीटर, एफ २.८. भागाकार केला की छिद्र साडेसहा मिलिमीटर. आता मिररलेससोबत खोक्यात जी लेन्स मिळते, जिला 'किट लेन्स' म्हणतात, ती पाहा. ती बहुधा १८ ते ५५ मिलिमीटरची असते आणि रुंद टोकाला एफ ३.५. भागाकार केला : ५.१ मिलिमीटर. म्हणजे तेच दृश्य टिपताना खिशातल्या कॅमेऱ्याचे छिद्र मोठे ठरले! क्षेत्रफळाचा हिशोब केला तर त्यात दीडपटीहून जास्त प्रकाश शिरतो. सोनी आरएक्स-१०० च्या २०१४ मधील तिसऱ्या आवृत्तीचे रुंद टोकाचे छिद्र ४.९ मिलिमीटर, आणि सोनीच्याच मिररलेससोबत येणाऱ्या १६ ते ५० च्या किट लेन्सचे त्याच कोनात ४.६. एक इंची इवल्या सेन्सरचा कॅमेरा तिप्पट मोठ्या सेन्सरच्या बरोबरीने उभा राहिला, कारण त्याला लेन्स चांगली मिळाली होती.

या हिशोबातून जे निघते ते मला या साऱ्या विषयातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. मिररलेस घेऊन जो मनुष्य किट लेन्सवरच थांबतो, त्याने मोठ्या दाराचे पैसे दिले आणि खिडकीतून ये-जा केली. लेन्स बदलता येणे हीच त्या कॅमेऱ्याची खरी किंमत. ती बदलावयाची नसेल, किंवा दुसरी लेन्स घेण्याइतके पैसे येत्या वर्षा-दोन वर्षांत हाती येण्याचा संभव नसेल, तर रुंद दृश्ये टिपणाऱ्याला खिशातला कॅमेरा तेच काम, कदाचित अधिक चांगले, करून देईल. आणि तो नेहमी जवळ असेल.

मात्र दुसरी लेन्स घेतली की पारडे असे काही फिरते की तुलनाच उरत नाही. आपल्या स्नेहसंमेलनाचे उदाहरण घ्या. सभागृहात मागे काळोख, रंगमंचावर दोन-चार दिवे, समोर लोकनृत्याचा वेगवान ठेका. आठव्या-दहाव्या रांगेतून चेहरा टिपावयाचा म्हणजे लेन्स लांब टोकाला न्यावी लागते. किट लेन्स तेथे एफ ५.६ वर येते. पन्नास मिलिमीटरची, एफ १.८ ची साधी न झूम होणारी लेन्स लावली तर तिच्यातून नऊपटीहून अधिक प्रकाश येतो. जेथे १/१५ सेकंद लागला असता तेथे १/१२५ पुरतो. नर्तकीचा हात १/१५ मध्ये धुराची रेघ होतो, १/१२५ मध्ये हात राहतो. ही पन्नासची लेन्स बऱ्याच कंपन्यांच्या यादीत स्वस्त लेन्सांपैकी एक असते. तिच्यापुढे जीआरसारखा कॅमेरा येथे अगदी निरुपयोगी. त्याची लेन्स रुंद. मागच्या रांगेतून त्यात नाचणारी मुलगी तांदळाच्या दाण्याएवढी दिसेल, आणि पुढे जावे तर प्राचार्यांच्या खुर्चीसमोर उभे राहावे लागेल.

संमेलनाचा विषय निघाला म्हणून एक सूचना जाता जाता. मिररलेसमध्ये आवाज न करणारे विद्युत शटर असते आणि नवशिके ते मोठ्या कौतुकाने वापरतात. ते सेन्सरवरील ओळी एकामागून एक वाचते. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. ओळी वाचल्या जात असताना दिवा मंद झाला की फोटोवर काळे पट्टे उमटतात. अशा दिव्यांखाली यांत्रिक शटर लावावे आणि वेग १/१०० किंवा १/५० ठेवून पाहावा.

आता दुसरे टोक घेऊ. इतिहास विभागाच्या सहलीत गावोगावच्या वीरगळांची नोंद करावयाची असते. वेशीबाहेर, मारुतीच्या पाराशी, कधी गोठ्याच्या भिंतीत चिणलेले हे दगड ऊनपावसाने झिजत चालले आहेत. कोणी शेंदूर फासतो, कोणी ऑइलपेंट. आज त्यांचा फोटो नीट घेतला नाही तर दहा वर्षांनी त्यावरील घोडेस्वार कोणता आणि शिवलिंगापुढे बसलेला कोणता, हे सांगता येणार नाही. येथे लांब लेन्स नको, वेगवान शटर नको. दगड हलत नाही. हवी ती तिरपी उन्हे, म्हणजे सकाळी किंवा सायंकाळी जाणे, आणि दिवसभर चालून दमल्यावरही खिशातून काढावासा वाटेल असा कॅमेरा. गाभाऱ्यासारख्या अंधाऱ्या जागीही, हाताची थरथर सावरण्याची सोय कॅमेऱ्यात असेल तर, श्वास रोखून १/८ सेकंदाला स्वच्छ चित्र येते. अशा कामाला माझे मत निःसंशय छोट्या कॅमेऱ्याला.

माणसांच्या बाबतीत छोटेपणाचा लाभ याहून मोठा. जात्यावरच्या ओव्या सांगणाऱ्या एखाद्या आजीपुढे भलीमोठी लेन्स रोखली की ती प्रथम पदर सारखा करते, मग सुनेला हाक मारून नवे लुगडे मागते आणि ओवी बाजूलाच राहते. छोटा कॅमेरा पाहून ती फार तर हसते. दशावतारी नाटकाच्या आधी रंग लावीत बसलेली मंडळी, एसटीच्या फलाटावर पेंगणारे वारकरी, आठवड्याच्या बाजारातील मापे आणि पाट्या, या सर्वांना हाच न्याय. अर्थात कॅमेरा लहान आहे म्हणून न विचारता कोणाचाही फोटो काढावा, असा याचा अर्थ नव्हे. विचारून, थोडे बसून, दोन शब्द बोलून काढलेला फोटो नेहमीच बरा येतो.

मोडी कागदपत्रे वाचणाऱ्या विद्यार्थ्यांचा प्रश्न निराळा आहे. सपाट कागदाचा फोटो घेताना चारही कोपरे सारखे स्पष्ट आणि ओळी सरळ याव्या लागतात. रुंद लेन्सने जवळ जाऊन काढलेल्या कागदाच्या कडा फाकल्यासारख्या दिसतात. अशा कामासाठी मिररलेसला जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स लावावी, कॅमेरा स्टँडवर उलटा टांगावा आणि दोन्ही बाजूंनी सारखा उजेड द्यावा. शंभर-दोनशे पानांचे दफ्तर हाताने धरलेल्या छोट्या कॅमेऱ्याने उतरविणे म्हणजे पाठीला आणि अक्षरांना दोघांनाही शिक्षा.

पक्ष्यांविषयी फार लिहीत नाही. जायकवाडीच्या पाण्यावरचे रोहित पक्षी टिपावयाचे तर चारशे मिलिमीटरच्या पुढची लेन्स हवी, आणि तेथे खिशाचा प्रश्नच मिटतो. लग्नाची कामे घेऊन शिक्षणाचा खर्च भागवू पाहणाऱ्यांनीही मिररलेसच घ्यावा. दोन मेमरी कार्डे एकदम वापरता येणारा मिळाला तर उत्तम, कारण कार्ड बिघडले म्हणून लग्न पुन्हा लावता येत नाही.

छोट्या कॅमेऱ्याचे गुण गायिले, तसे दोषही सांगितले पाहिजेत. जीआरला डोळा लावून पाहण्याची खिडकीच नाही. एप्रिलच्या उन्हात मागचा पडदा काळ्या पाटीसारखा दिसतो आणि अंदाजाने बटण दाबावे लागते. त्याची बॅटरी सुमारे दोनशे फोटोंत संपते, तेव्हा एक जादा जवळ हवीच. झूम होणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यांत लेन्स सारखी आत-बाहेर होते आणि त्या हालचालीत धूळ आत ओढली जाते. ती सेन्सरवर बसली की घरी पुसता येत नाही. सारा कॅमेरा खोलून घ्यावा लागतो, आणि तो खोलणारा जाणकार तालुक्याच्या गावी मिळत नाही. मिररलेसमध्येही लेन्स बदलताना धूळ शिरते, पण निदान फुंकणीने उडविता येते. पावसाचे म्हणाल तर या छोट्यांपैकी बहुतेक आणि स्वस्त मिररलेसही कच्चेच. वारीला जाताना प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड विसरू नये.

मिररलेसवाल्याचा शत्रू म्हणजे दमट हवा. कोकणात आणि गोव्यात लेन्सच्या आतल्या काचेवर बुरशीचे कोळिष्टक धरते. कॅमेरा जितका कमी वापरला जातो तितकी ती लवकर धरते. चामड्याच्या किंवा कापडाच्या पिशवीत, कपाटाच्या तळाशी ठेवलेली लेन्स म्हणजे बुरशीला आमंत्रण. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून लेन्स ठेवाव्यात आणि पुड्यांचा रंग उतरला की त्या तव्यावर मंद आचेवर कोरड्या कराव्यात.

राहिला फोनचा मुद्दा. फोनच्या मुख्य लेन्सचे छिद्र चार मिलिमीटरच्या आसपास असते. तो ही उणीव युक्तीने भरून काढतो : एका दाबात अनेक चित्रे घेतो आणि ती एकमेकांवर बसवून एक करतो. वीरगळासारख्या स्थिर वस्तूवर ही युक्ती झकास चालते. हलत्या माणसावर मात्र ती फसू लागते आणि कातडी मेणासारखी गुळगुळीत होते. म्हणून ज्याच्याजवळ बरा फोन आहे आणि ज्याला मुख्यतः दिवसाउजेडी स्थिर गोष्टी टिपावयाच्या आहेत, त्याने काहीच घेऊ नये, हा सल्लाही मी देतो. तो ऐकून विद्यार्थ्याचे तोंड उतरते. पण त्याच्या वडिलांचे सोयाबीन वाचते.

छोटा कॅमेरा म्हणजे स्वस्त, हा क्लिक थ्री आणि हॉट शॉटच्या जमान्यापासून घरोघरी रुजलेला समज आता सोडून द्यावा. चांगल्या छोट्या कॅमेऱ्याला आज किट लेन्ससह मिळणाऱ्या साध्या मिररलेसइतके, कधी त्याहून जास्त पैसे पडतात. तेव्हा निवड पैशांची नसून कामाची आहे. विद्यार्थ्याने स्वतःसाठी, भटकंतीसाठी आणि माणसांसाठी घ्यावयाचा असेल तर खिशातला घ्यावा. महाविद्यालयाच्या जिमखान्यासाठी किंवा विभागासाठी घ्यावयाचा असेल तर मिररलेस घ्यावा. मात्र अंदाजपत्रकात कॅमेऱ्याच्या ओळीखाली दुसऱ्या लेन्सची ओळ आधी लिहावी. ती ओळ मंजूर होत नसेल तर कॅमेऱ्याचा ठराव पुढच्या सभेवर ढकलावा. अशी कपाटे मी पाहिली आहेत जेथे उत्तम कॅमेरा आपल्या खोक्यातल्या लेन्ससह वर्षानुवर्षे पडून आहे आणि संमेलनाचे फोटो बाहेरचा फोटोग्राफर काढतो आहे.

नवा परवडत नसेल तर जुना घेण्यात कमीपणा नाही. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकाने आहेत. तेथे जुना माल दाखवा म्हटले की दाखवितात. नवा घेतला तर पक्के बिल आणि भारतातील हमीपत्र मागून घ्यावे. 'बिलाशिवाय स्वस्त' म्हणजे बिघडल्यावर आपला आपण. जुना घेताना जवळ छोटी बॅटरी, म्हणजे टॉर्च, ठेवावी. मिररलेसची लेन्स काढून, छिद्र पूर्ण उघडून, एका बाजूने टॉर्चचा झोत टाकावा आणि दुसऱ्या बाजूने तिरपे पाहावे. बुरशी असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे चमकतात. धुळीचे दोन-चार कण दिसले तर बिघडत नाही. छोट्या कॅमेऱ्याची लेन्स दहा वेळा आत-बाहेर करून कान देऊन ऐकावी. करकर होत असेल तर ठेवून द्यावा. मग छिद्र होईल तेवढे लहान करून दुकानाच्या पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढावा आणि पडद्यावर मोठा करून पाहावा. सेन्सरवर धूळ असेल तर भिंतीवर नसलेले करडे ठिपके तेथे दिसतील. कॅमेरा थोडा फिरवून पुन्हा एक फोटो काढावा. ठिपके त्याच जागी राहिले तर ते सेन्सरवरचे, आणि जागा बदलली तर ते भिंतीवरचेच.